दुर्बीण नसली तरी चालेल: वर्गातल्या पोरांकडून तेजोमेघ आणि दीर्घिकांचे फोटो कसे काढून घ्यायचे

खगोलशास्त्र शिकवणारे शिक्षक भेटले की एक प्रश्न हमखास येतो, आमच्याकडे मोठी दुर्बीण नाही, बजेट पण नाही, मग पोरांना डीप स्काय फोटोग्राफी, म्हणजे तेजोमेघ, दीर्घिका असल्या लांबच्या गोष्टींचे फोटो काढणं, शिकवायची कशी. तर दुर्बीण लागतच नाही. कुणाच्या तरी घरी कपाटात पडून असलेला साधा डीएसएलआर, ५० एमएमची स्वस्तातली प्राइम (झूम न होणारी) लेन्स आणि न डगमगणारा ट्रायपॉड, एवढ्यावर मृगातला तेजोमेघ, कृत्तिका आणि देवयानी दीर्घिका तिन्ही येतात, आणि नुसते येत नाहीत तर त्या फोटोवर पट्टी ठेवून मोजता येतं, दीर्घिका या टोकापासून त्या टोकापर्यंत किती प्रकाशवर्षं पसरलीय ते पोरांना स्वतःच्या फोटोवरून काढता येतं. वर्गासाठी खरा माल तो आहे असं मला मनापासून वाटतं. सुंदर फोटो नेटवर ढिगानं आहेत, पण आपण काढलेल्या फोटोतला प्रत्येक ठिपका आपण ओळखतोय आणि मोजतोय हे नेटवर मिळत नाही.

त्यामुळे सगळ्यात आधी एक नियम करून टाका, एका रात्री एकच ऑब्जेक्ट. पोरांना सगळंच हवं असतं, हे पण काढू ते पण काढू, आणि मग सकाळी हातात दहा ऑब्जेक्टचे प्रत्येकी पाच फोटो असतात ज्यातून एकही नीट प्रोसेस होत नाही. त्याऐवजी एकाच ऑब्जेक्टचे तीनशे फोटो काढा. का ते पुढं सांगतो.

कुठलं ऑब्जेक्ट निवडायचं

ऑब्जेक्ट निवडताना त्याची चमक सगळे बघतात पण आकार कुणी बघत नाही, आणि तिथंच घोळ होतो. पोरांना हे फळ्यावर गणितानं करून दाखवा. आपल्याकडे खूप जणांकडे कॅननचा १५००डी असतो, त्याचा एक पिक्सेल साधारण ३.७ मायक्रॉनचा. पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये घ्या, त्याला २०६ नं गुणा आणि लेन्सच्या फोकल लेंग्थनं भागा, म्हणजे एका पिक्सेलमध्ये आकाशाचे किती आर्कसेकंद (एका अंशाचे ३६०० भाग केले तर त्यातला एक) बसतात ते निघतं. ५० एमएमला हे उत्तर येतं १५ च्या जरा वर. आता देवयानी दीर्घिका, म्हणजे मेसिएच्या यादीतली एम ३१, आकाशात जवळजवळ ३ अंश लांब आहे, म्हणजे १०,८०० आर्कसेकंद, म्हणजे आपल्या फोटोत ७०० पिक्सेल. मृगातला तेजोमेघ, एम ४२, साधारण १ अंशाचा, तो २३५ पिक्सेल. दोन्ही मस्त. पण पुस्तकात फोटो बघून कुणीतरी म्हणतंच की रिंग नेब्युला काढू, तर तो एम ५७ जेमतेम ८० आर्कसेकंदांचा, म्हणजे आपल्या फोटोत पाचेक पिक्सेल. ताऱ्यात आणि त्याच्यात फरकच कळणार नाही. हे गणित पोरांनी एकदा स्वतः केलं की पुढच्या वर्षी ऑब्जेक्ट तीच निवडून आणतात, तुम्हाला काही सांगावं लागत नाही.

पहिल्यांदा करताय तर माझं मत एम ४२. नोव्हेंबर ते मार्च मिळतो, मध्य जानेवारीत रात्री साडेदहाच्या आसपास आणि मध्य फेब्रुवारीत साडेआठलाच डोक्याच्या जवळ दक्षिणेला येतो, पुण्याहून साधारण ६६ अंश वर, त्यामुळे क्षितिजावरच्या धुराचा त्रास नाही. सापडायला पण सोपा. मृगाच्या पोटातला तीन ताऱ्यांचा बाण सगळ्यांना माहीत असतो, त्याच्या दक्षिणेला थोडं खाली फिकट ताऱ्यांची एक छोटी उभी ओळ दिसते, तिच्यात मधला तारा जरा धुरकट वाटतो, तोच. तिथून येणारा प्रकाश साडेतेराशे वर्षांपूर्वी निघालेला आहे.

या तेजोमेघाची एक गोष्ट पोरांना आवर्जून सांगा. त्याचा पहिला फोटो हेन्री ड्रेपर नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं ३० सप्टेंबर १८८० ला काढला, ११ इंची दुर्बिणीतून, आणि त्यासाठी त्याला ५१ मिनिटं एक्स्पोजर द्यावं लागलं, तेवढा वेळ दुर्बीण ताऱ्यामागं अचूक फिरवत ठेवून. आज तुमच्या अकरावीतल्या पोरीच्या कॅमेऱ्यात तो चार सेकंदांत उमटतो. स्क्रीनवर पहिल्यांदा तो गुलाबी डाग दिसतो तेव्हा वर्ग कसा ओरडतो ते एकदा ऐकाच.

देवयानी ऑक्टोबर ते डिसेंबर, मध्य नोव्हेंबरात रात्री पावणेदहाच्या सुमारास सगळ्यात वर असते. शोधायला महाश्वाचा मोठा चौकोन घ्या, त्याच्या ईशान्येकडच्या कोपऱ्यातल्या ताऱ्यापासून देवयानीच्या ओळीनं दोन तारे पुढं जायचं आणि तिथून शर्मिष्ठेच्या दिशेला काटकोनात वळून दोन फिकट तारे, दुसऱ्याच्या शेजारी तो पुसट ढग. अॅप वापरा, स्टेलेरियम फुकट आहे आणि छान आहे, पण आधी पोरांना नुसत्या डोळ्यांनी वाट काढू द्या. कॅमेरा कुठं वळवायचा हे ज्याला कळतं त्याच्या हातून रात्री वेळ वाया जात नाही.

रात्र आणि जागा

कालनिर्णय घ्या, अमावस्या बघा, तिच्या आगेमागे चारपाच दिवसांतला शनिवार धरा. चंद्र असताना दीर्घिका काढायला जाऊच नका. पावसाळा तर सोडूनच द्या, जून ते सप्टेंबर आकाश मिळत नाही. ऑक्टोबर चांगला, नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम, फक्त ऊसपट्ट्यात पाचट जाळायला सुरुवात झाली की क्षितिजाजवळ धुराचा थर बसतो, अशा वेळी डोक्यावरचंच ऑब्जेक्ट घ्या.

आकाशाचा अंधार मोजायला बॉर्टल स्केल वापरतात, १ म्हणजे निव्वळ काळोख आणि ९ म्हणजे शहराचा मध्य. मुंबई-पुण्याच्या आत ८-९ असतं. मुंबईची मंडळी पूर्वीपासून वांगणीला जातात, तिथंही आता दिवे वाढलेत, पण गच्चीपेक्षा कितीतरी बरं. पुण्याच्या लोकांना जुन्नरची बाजू चांगली, आयुकानं, म्हणजे पुण्यातल्या खगोलशास्त्राच्या संस्थेनं, आपली २ मीटर व्यासाची दुर्बीण गिरवलीला बसवली ती काही उगीच नाही. विदर्भातल्या शाळा-कॉलेजांनी पेंचचा विचार जरूर करावा, जानेवारी २०२४ मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली आहे.

पण जागा निवडताना अंधारापेक्षा पोरांची काळजी आधी. गावात सरपंच किंवा पोलीसपाटलांना आधी भेटून सांगा की रात्री वीस पोरं कॅमेरे घेऊन बसणार आहेत. पालकांची लेखी परवानगी, सोबत एक मॅडम, बंद बूट (चप्पल चालणार नाही, रात्री गवतात साप असतात), संडासाची सोय असलेली शाळा किंवा फार्महाऊस. जुन्नर-नारायणगाव भागात बिबट्याचा वावर आहे, त्यामुळे उसाच्या फडाला लागून कॅम्प अजिबात लावू नका, आणि कुणालाही एकट्याला लांब जाऊ देऊ नका. डोळ्याला अंधार सरावायला वीस मिनिटं ते अर्धा तास लागतो आणि एका मोबाइलच्या उजेडानं ते सगळं जातं, म्हणून स्टेशनरीच्या दुकानातला लाल जिलेटिन पेपर दोन-तीन घड्या करून टॉर्चला रबरबँडनं लावायचा, आणि मोबाइल खिशात.

शक्यतो उजेड असतानाच पोचा. ट्रायपॉड कुठं उभा करायचा, कॅमेऱ्याची बटणं कुठं आहेत, रॉ (सेन्सरवरची सगळी माहिती जशीच्या तशी ठेवणारी फाइल) कुठून चालू होतं, हे सगळं सूर्य असताना हाताखालून गेलेलं पाहिजे.

फोकस, आणि परत एकदा फोकस

या सगळ्या प्रकारात सगळ्यात जास्त वेळ जर कशाला द्यायचा असेल तर फोकसला द्या, कारण बाकी सगळं नंतर कॉम्प्युटरवर थोडंफार सावरता येतं, फोकस गेला तर रात्र गेली. लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर जाऊ नका, ती नेमकी नसते, आणि बऱ्याच स्वस्त लेन्सवर तर खूणच नसते.

असं करा. लेन्स मॅन्युअल फोकसवर टाका, व्याधाकडे किंवा जो चमकदार तारा असेल त्याच्याकडे कॅमेरा वळवा, लाइव्ह व्ह्यू चालू करून १० पट झूम. आता स्क्रीनवर तारा फुगलेल्या गोळ्यासारखा दिसेल. फोकस रिंग अगदी केसभर केसभर फिरवत जा. गोळा आवळत येतो, मग बारीक टिंब होतं, आणि पुढं गेलात की परत फुगायला लागतो, बऱ्याचदा कडेला जांभळट झाक पण बदलते. पुढं जा, मागं या, दोन-तीनदा ओलांडून बघा म्हणजे मधली जागा हाताला कळते. आणखी एक खूण सांगतो, मोठ्या ताऱ्याकडे बघण्यापेक्षा त्याच्या शेजारी बघा, फोकस बरोबर जागेवर आला की इतका वेळ स्क्रीनवर नसलेला एखादा फिकट तारा अचानक दिसायला लागतो, आणि रिंग जरा हलली की तो गायब होतो. तो फिकट तारा दिसतोय तिथं थांबायचं. मग रिंगवर कागदी टेपचा तुकडा लावायचा आणि त्यानंतर लेन्सला कुणीही हात लावायचा नाही. प्रत्येक पोराला हे एकदा करू द्या, वेळ लागला तरी चालेल. तास-दीड तासानं गारठा वाढला की फोकस परत तपासा, कारण थंडीनं लेन्स किंचित आकसते.

दव हा दुसरा शत्रू. डिसेंबर-जानेवारीत सह्याद्रीच्या बाजूला मध्यरात्रीनंतर लेन्सवर दव धरतं आणि ते लवकर लक्षात येत नाही, फोटो नुसते हळूहळू पुसट होत जातात. लेन्स हूड लावा, लेन्सच्या नळीला हात गरम करायची पुडी रबरबँडनं बांधा. कापडानं पुसत बसू नका, परत धरतंच.

सेटिंग आणि प्रत्यक्ष शूटिंग

फोटो रॉमध्येच, जेपेग नको. आयएसओ १६००. अॅपर्चर एफ २.८, लेन्स एफ १.८ ची असली तरी, कारण पूर्ण उघडल्यावर कोपऱ्यातल्या ताऱ्यांना पंख फुटतात. व्हाइट बॅलन्स डेलाइट. कॅमेऱ्यातलं लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद, ते चालू राहिलं तर प्रत्येक फोटोनंतर तेवढाच वेळ कॅमेरा अडकून बसतो. लेन्सला स्टॅबिलायझेशन असेल तर ते पण बंद.

एक्स्पोजर किती द्यायचं हे परत फळ्यावर. पृथ्वी फिरते त्यामुळे खगोलीय विषुववृत्ताजवळचा (पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वर आकाशात जी रेषा येते तिच्याजवळचा) तारा दर सेकंदाला १५ आर्कसेकंद सरकतो. आपला एक पिक्सेल पण १५ आर्कसेकंदांचा. म्हणजे दर सेकंदाला तारा एक पिक्सेल पुढं जाणार. नेटवर ५०० चा नियम सांगतात, ५०० ला फोकल लेंग्थ आणि क्रॉप फॅक्टरच्या (सेन्सर लहान असल्यामुळे धरायचा आकडा, आपल्या कॅननला १.६) गुणाकारानं भागायचं, त्यानं इथं ६ सेकंद येतात, पण तेवढ्यात तारे सहा पिक्सेल लांब होतात, झूम केलं की रेघा दिसतात. मी मृगासाठी ४ सेकंदांच्या वर जाऊ नका म्हणेन. देवयानी विषुववृत्तापासून ४१ अंश उत्तरेला, तिथं सरकण्याचा वेग साधारण पाऊणपट होतो, म्हणून ५ सेकंद चालतात. पोरांना विचारा पाऊणपट का, ज्यांनी कोसाइन नुसता परीक्षेपुरता केलाय त्यांना इथं तो पहिल्यांदा खरा वाटतो.

आता ४ सेकंदांचा एक फोटो बघितला तर निराशाच होते. दाणेदार, मळकट, तेजोमेघ म्हणजे छोटा डाग. पोरं म्हणतात सर काहीच आलं नाही. आलंय, पण नॉइजमध्ये, म्हणजे त्या दाण्यांमध्ये, बुडालंय. नॉइज प्रत्येक फोटोत वेगळीकडे असतो आणि तेजोमेघ प्रत्येक फोटोत त्याच ताऱ्यांच्या मध्ये असतो, त्यामुळे फोटो एकमेकांवर रचून सरासरी काढली की नॉइज विरत जातो आणि तेजोमेघ टिकतो. सुधारणा फोटोंच्या संख्येच्या वर्गमुळाएवढी होते, १०० फोटोंनी दहापट, ३०० नी सतरापट. म्हणजेच गुणवत्ता दुप्पट हवी तर फोटो चौपट काढावे लागतात. म्हणून एका रात्री एकच ऑब्जेक्ट. तीनशे फोटो ४ सेकंदांचे म्हणजे एकूण एक्स्पोजर फक्त २० मिनिटं, मधले थांबे धरून तास-सव्वा तासात होतात. कार्ड ३२ जीबीचं घ्या, रॉ फाइली आठ-नऊ जीबी होतील, आणि बॅटऱ्या दोन.

शटर बोटानं दाबू नका, ठरावीक वेळानं आपोआप शटर दाबणारा इंटर्व्हलोमीटर हजार-दीड हजारात मिळतो तो घ्या, दोन फोटोंमध्ये १-२ सेकंदांची गॅप. नसेल तर २ सेकंदांचा टायमर. ट्रॅकर, म्हणजे आकाशाबरोबर कॅमेरा फिरवणारं यंत्र, नसल्यामुळे ऑब्जेक्ट फ्रेममधून सरकत जाणार, ५० एमएमला फ्रेमची रुंदी २५ अंश आणि आकाश तासाला १५ अंश फिरतं, म्हणून दर दहा-पंधरा मिनिटांनी परत मध्यात आणा. ज्यांच्याकडे २०० एमएमची लेन्स आहे त्यांना मोह होतोच, पण तिथं एका सेकंदात तारा चार पिक्सेल सरकतो, फ्रेम पण साडेसहा अंशांचीच, दर चार-पाच मिनिटांनी कॅमेरा हलवावा लागतो. ट्रॅकरशिवाय नको.

एम ४२ चा गाभा खूप चमकदार आहे, ४ सेकंदांतही तो पांढरा फटक होतो आणि आतले चार तारे, ज्यांना ट्रॅपेझियम म्हणतात, ते त्यात हरवतात. म्हणून शेवटी १ सेकंदाचे तीस-चाळीस फोटो वेगळे काढून ठेवा, प्रोसेसिंगमध्ये गाभ्यासाठी ते वापरता येतात.

पोरांच्या जोड्या करा. एक कॅमेऱ्यावर, दुसरा वहीवर, अर्ध्या तासानं अदलाबदल. वहीत वेळ, फोटो क्रमांक कुठून कुठपर्यंत, आयएसओ, एक्स्पोजर, तापमान, ढग आला का, कुणी गाडीचा लाइट मारला का. ही वही नंतर सोन्याची ठरते, कारण २१७ नंबरचा फोटो असा का दिसतोय हे सोमवारी कुणालाच आठवत नसतं.

आवरताना लगेच कॅलिब्रेशनचे फोटो, म्हणजे कॅमेऱ्याचे आणि लेन्सचे स्वतःचे दोष नंतर काढून टाकायला लागणारे फोटो, घ्यायचे, ते उद्यावर टाकू नका. डार्क म्हणजे लेन्सला टोपी लावून त्याच आयएसओला, तेवढ्याच एक्स्पोजरचे वीस-तीस फोटो, त्याच थंडीत, घरी येऊन काढले तर उपयोग नाही कारण सेन्सरचा नॉइज तापमानावर बदलतो. पोरं सामान भरत असताना कॅमेरा आपला काम करत राहील. बायस म्हणजे टोपी तशीच ठेवून सगळ्यात कमी एक्स्पोजर, १/४००० सेकंद. फ्लॅटसाठी लेन्सवर पांढरा टी-शर्ट ताणून लॅपटॉपची पांढरी स्क्रीन समोर धरायची, फोकस आणि अॅपर्चर न बदलता, यानं कोपऱ्यातला अंधार आणि सेन्सरवरच्या धुळीचे डाग जातात.

रचायचं कसं

लॅबमधल्या साध्या कॉम्प्युटरवर होतं. डीपस्कायस्टॅकर, सिरिल, सिक्वेटर तिन्ही फुकट आहेत. नुसत्या ट्रायपॉडवरच्या फोटोंसाठी पहिल्यांदा सिक्वेटर सोपं पडतं, पण ते फक्त विंडोजवर चालतं, आणि नक्की काय चाललंय हे शिकवायचं असेल तर सिरिल, त्यात प्रत्येक पायरी समोर दिसते. आधी पोरांना सगळे फोटो एकेक करून बघायला लावा, ढग आलेले, ट्रायपॉडला धक्का लागलेले, विमान गेलेले बाजूला काढा. कंटाळवाणं वाटतं पण याच वेळी नजर तयार होते.

रचून झाल्यावर जी फाइल मिळते ती उघडली की जवळजवळ काळी दिसते. घाबरू नका, माहिती सगळी आत आहे, फक्त हिस्टोग्रामच्या (किती पिक्सेल किती उजळ ते दाखवणारा आलेख) डाव्या कडेला दाबून बसलेली. सिरिलमध्ये किंवा गिंपमध्ये कर्व्ह थोडा थोडा उचलत जा, एकदम नको, चार-पाच वेळा थोडं थोडं. प्रत्येक वेळी तेजोमेघाचे पंख आणखी बाहेर सरकताना दिसतात. शहराच्या उजेडाचा एका बाजूचा पिवळट पट्टा ग्रॅएक्सपर्टनं छान जातो, तेही फुकट आहे. आकाश ठार काळं करू नका, सगळ्यात फिकट भाग आधी त्यातच मरतो, गडद राखाडी ठेवा.

रंगाबद्दल पोरं विचारतातच की डोळ्याला तर राखाडी दिसलं मग हे गुलाबी खरं का खोटं. खरं आहे. तिथला हायड्रोजन ६५६ नॅनोमीटरला लाल प्रकाश देतो, अंधारात आपल्या डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशी तेवढ्या प्रकाशात काम करत नाहीत, कॅमेरा करतो. उलट कॅमेऱ्याच्या सेन्सरपुढचा फिल्टर तो लाल बराचसा अडवतो, म्हणून गर्द लाल न येता गुलाबी येतो. कृत्तिकांभोवती निळी धूसर झाक आली तर ती धुळीवरून विखुरलेला ताऱ्यांचाच प्रकाश. म्हणजे रंगावरून गॅस की धूळ हे सांगता येतं, एवढं नववीतल्या मुलालाही समजतं.

एका गोष्टीवर मात्र मी ठाम आहे. एआयनं फोटो शार्प करून देणारी, तपशील भरून देणारी अॅप वर्गात पूर्ण बंद. ती जे भरतात ते तुमच्या कॅमेऱ्यात आलेलं नसतं. हा फोटो आपल्यासाठी पुरावा आहे, त्यात न आलेली गोष्ट घालायची नाही. फिका आला तर फिका लावा भिंतीवर.

आता मोजायचं

तयार फोटो ॲस्ट्रोमेट्री डॉट नेटवर टाका, ती साइट ताऱ्यांची मांडणी जुळवून सांगते की फोटो आकाशात नेमका कुठला आहे आणि एका पिक्सेलमध्ये किती आर्कसेकंद. आधी हातानं काढलेलं १५ चं उत्तर आणि साइटचं उत्तर जुळलं की पोरांच्या चेहऱ्यावर जे येतं त्यासाठी ही सगळी खटपट.

मग देवयानी मोजा. समजा फोटोत ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ४०० पिक्सेल दिसतेय. ४०० गुणिले १५.२ म्हणजे ६,०८० आर्कसेकंद, म्हणजे १.७ अंशाच्या आसपास, रेडियनमध्ये ०.०२९५. अंतर २५ लाख प्रकाशवर्षं. गुणाकार केला की साधारण ७४ हजार प्रकाशवर्षं. पूर्ण ३ अंश धरले तर १ लाख ३० हजार येतात. मग विचारा, आपलं उत्तर कमी का आलं. कुणी म्हणेल गणित चुकलं, कुणी म्हणेल फोटो चुकला, आणि हळूहळू वर्ग तिथं पोचतो की दीर्घिकेची कडा इतकी फिकी आहे की ती आपल्या आकाशाच्या उजेडात बुडाली, अजून फोटो किंवा अजून अंधारी जागा मिळाली असती तर ती आणखी लांब दिसली असती. तेच फोटो घेऊन ५०, १०० आणि ३०० फोटोंचे वेगवेगळे स्टॅक करा, म्हणजे वेगवेगळे रचा, आणि तिन्हीत लांबी मोजा, आलेख काढा. हा प्रोजेक्ट मी कुठल्याही विज्ञान प्रदर्शनात अभिमानानं ठेवेन.

अंतर २५ लाख हे आलं कुठून असं विचारणारं पोर वर्गात असेल तर फारच उत्तम, त्याला १९२३ सालात न्या, एडविन हबलला त्याच देवयानीत एक सेफिड तारा सापडला, ज्याच्या चमकण्याच्या कालावधीवरून त्याची खरी चमक आणि त्यावरून अंतर निघालं, आणि ही दीर्घिका आपल्या आकाशगंगेच्या पार बाहेर आहे हे ठरलं. हबलचं अंतर आजच्यापेक्षा बरंच कमी होतं, पण बाहेर आहे एवढं सिद्ध करायला ते पुरलं.

ट्रॅकर पाहिजेच असेल तर

विकत घेण्याआधी पोरांकडून फळीचा ट्रॅकर बनवून घ्या. दोन फळ्या एका बाजूला बिजागरीनं जोडायच्या, बिजागरीपासून बरोबर २२८ मिलिमीटरवर एम ६ चा (६ मिलिमीटर जाडीचा) बोल्ट, त्याचा आटा १ मिलिमीटरचा असतो, आणि तो मिनिटाला एक फेरा या वेगानं हातानं फिरवायचा, घड्याळाचा सेकंद काटा बघत दर १५ सेकंदांनी पाव फेरा. वरच्या फळीवर कॅमेरा. बिजागरीची रेषा ध्रुवाकडे रोखलेली हवी. ५० एमएमला ३० सेकंदांचं एक्स्पोजर यावर आरामात मिळतं. २२८ च का हे त्रिकोणमितीनं काढायला सांगा, पृथ्वी २३ तास ५६ मिनिटांत एक फेरा करते एवढी माहिती द्या आणि सोडून द्या.

आपल्याकडे अडचण ध्रुवाची. तारा जेवढ्या अक्षांशावर तुम्ही तेवढाच वर, म्हणजे पुण्यात साडेअठरा अंश, कोल्हापुरात पावणेसतरा, नागपुरात एकवीस. डोंगर, झाड, नाहीतर उत्तरेकडच्या गावाचे दिवे आडवे येतात. म्हणून ट्रॅकर असेल तर उत्तर मोकळी असलेलीच जागा बघा.

शहरातच राहायचं असेल तर हल्ली सीस्टार एस ५० सारख्या स्मार्ट दुर्बिणी आल्यात, ५० एमएम व्यास, २५० एमएम फोकल लेंग्थ, शोधणं-ट्रॅकिंग-स्टॅकिंग सगळं आपोआप, गच्चीवरून एम ४२ झकास दिसतो. पोरांच्या वाट्याला मात्र नुसतं बघणं येतं, म्हणून सेटिंगमध्ये सुट्या फ्रेम सेव्ह करणं चालू करा आणि स्टॅकिंग त्यांच्याकडूनच करून घ्या.

परीक्षा संपल्यावर मे महिन्यात एकदा दक्षिण क्षितिज मोकळं असलेल्या जागी जा आणि ओमेगा सेंटॉरी काढा. मध्य मे मध्ये रात्री साडेदहाच्या सुमारास ठीक दक्षिणेला, पुण्याहून फक्त २४ अंश वर. आकाशगंगेतला सगळ्यात मोठा गोलाकार तारकागुच्छ, सुमारे १७ हजार प्रकाशवर्षं लांब, साधारण एक कोटी तारे. लंडनच्या पोरांना तो कधीच दिसत नाही, त्यांच्या क्षितिजावर येतच नाही, आपल्याला फुकट मिळतो, आणि तरी आपल्याकडे फार कमी वर्ग तो काढतात.

पावसाळ्यात रॉ फाइली परत काढा आणि नव्यानं प्रोसेस करा, हात सुधारलेला असतो त्यामुळे त्याच फाइलींतून जास्त निघतं. त्यासाठी रॉ, डार्क, फ्लॅट, बायस अशी चार वेगळी फोल्डरं, नावात तारीख आणि ऑब्जेक्ट, वहीच्या पानांचे फोटो त्यातच, आणि सगळं दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर. ज्यांच्याकडे कॅमेराच नाही अशा शाळांनी हार्वर्ड-स्मिथसोनियनची मायक्रोऑब्झर्व्हेटरी बघावी, त्यांच्या ६ इंची रोबोटिक दुर्बिणींना वेबसाइटवरून फुकट ऑब्जेक्ट सांगता येतं आणि फोटो ईमेलवर येतो, पिक्सेल मोजायला तोही चालतो.